हात न लावता वाजवणारी क्लारा

आपल्या ब्रँचच्या कुणालाही झोपेतून उठवून ‘हेटरोडायनिंग म्हणजे काय?’ असं विचारा, उत्तर येईल. दोन फ्रिक्वेन्सी मिसळायच्या, एक बेरीज मिळते, एक वजाबाकी मिळते. नको असेल ती फिल्टर करायची. आकृतीसह लिहिलं की सहा मार्क कुठे जात नाहीत. रेडिओ रिसीव्हरच्या चॅप्टरमध्ये हे येतं आणि पेपर झाल्यावर डोक्यातून निघून जातं. पण याच वजाबाकीवर एक बाई स्टेजवर उभी राहून रॅखमनिनॉव्ह वाजवायची, तेही वाद्याला बोटसुद्धा न लावता, हे मात्र कुठल्याच रेफरन्स बुकात सापडत नाही. तिचं नाव क्लारा रॉकमोर. हा लेख तिच्याबद्दल आहे. थोडा माझ्याबद्दलही आहे, त्याला इलाज नाही.

आधी वाद्य. त्याचं नाव थेरेमिन. एक लाकडी खोकं, त्यातून वर आलेला एक उभा रॉड आणि डाव्या बाजूला एक आडवी लूप. आत दोन ऑसिलेटर, दोघंही रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालणारे, म्हणजे कानाला न ऐकू येणारे. एकाची फ्रिक्वेन्सी पक्की. दुसऱ्याला तो उभा रॉड जोडलेला. आपला हात रॉडजवळ नेला की हात आणि रॉड मिळून एक छोटासा कपॅसिटर तयार होतो, दुसऱ्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी किंचित उतरते, आणि दोघांमधला फरक स्पीकरमधून ऐकू येतो. हात जवळ तसा स्वर वर, हात लांब तसा स्वर खाली. डावा हात लूपवर आवाज लहान-मोठा करतो. लूपजवळ नेला की शांतता, वर उचलला की आवाज.

हे ज्याने शोधलं तो लेव तेरमेन हा रशियन भौतिकशास्त्रज्ञ, पण त्याने चेलोचंही शिक्षण घेतलं होतं. 1920 च्या सुमारास पेट्रोग्राडच्या प्रयोगशाळेत तो वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण बनवत होता. हात जवळ नेला की उपकरणाची शिट्टी बदलते हे त्याच्या लक्षात आलं. आपण असतो तर ‘एरर’ म्हणून जर्नलमध्ये लिहून मोकळे झालो असतो. त्याने त्यावर चेलोच्या धुना वाजवून बघितल्या. 1922 मध्ये त्याने हे वाद्य खुद्द लेनिनला वाजवून दाखवलं. 1927 च्या अखेरीस तो न्यूयॉर्कला पोचला, तिथे त्याचं नाव इंग्रजी-फ्रेंच वळणाने ‘लिऑन थेरेमिन’ झालं, आणि 1929 मध्ये आरसीए कंपनीने त्याचं वाद्य बाजारात आणलं. जाहिरातीचा सूर असा की ज्याला गुणगुणता येतं किंवा शीळ घालता येते त्याला हे वाजवता येईल. जेमतेम 500 नग बनले. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला हे एक कारण. दुसरं कारण जास्त साधं होतं. लोकांनी वाद्य घरी आणलं, समोर हात हलवला आणि मांजराचं भांडण ऐकू आलं!

कारण या वाद्याला पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, तार नाही. हवेत ‘ग’ कुठे आहे ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. व्हायोलिनलाही पडदे नसतात हे खरं, पण तिथे निदान बोटाखाली तार असते, मानेचा लाकडी आधार असतो, हाताला जागा आठवते. इथे हाताला आठवण्यासारखं काहीच नाही. शिवाय वाजवणाऱ्याने नुसती मान वळवली, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं, तरी स्वर हलतो. पूर्ण शरीरच कपॅसिटरची एक प्लेट झालेलं असतं.

अशा या वाद्यासमोर क्लारा पुतळ्यासारखी उभी राहायची. तिचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी चेलो वाजवतंय. मग वाटलं, नाही, कुणीतरी गातंय. युट्यूबवर ती सेन-साँचा ‘स्वान’ वाजवतानाचा व्हिडिओ आहे, पियानोवर तिची बहीण नादिया आहे. बघा एकदा. चेहरा एकदम गंभीर, खांदे स्थिर, उजव्या हाताची बोटं हवेत काहीतरी बारीक मोती उचलल्यासारखी उघडमीट करताहेत.

क्लाराचं माहेरचं नाव रायझेनबर्ग. जन्म 9 मार्च 1911, व्हिल्ना गावी. म्हणजे आजचं लिथुआनियातलं विल्निअस. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. ज्यू लोक या गावाला ‘लिथुआनियाचं जेरुसलेम’ म्हणत, इतकी तिथे त्यांची विद्वत्ता आणि वस्ती. आपल्याकडे पुण्यात लाल देवळावरून रोज जाणाऱ्यालाही आत कोण प्रार्थना करतं याचा पत्ता नसतो, आणि कोकणातले बेने इस्राएल आपल्याइतकंच अस्सल मराठी बोलतात हे तर अनेकांना ऐकूनच नवल वाटतं. त्यामुळे झारच्या राज्यात ज्यू असणं म्हणजे काय हे आपल्याला सहज कळणार नाही. ज्यूंनी कुठल्या प्रांतात राहायचं याची सरकारी हद्द आखलेली होती. राजधानीत राहायला त्यांना खास परवाना लागे. आणि त्या परवान्याचा एक रस्ता संगीतातून जात होता! कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश मिळाला की विद्यार्थ्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये राहता येई. व्हिल्नाचाच याशा हायफेट्झ लहानपणी तिथे निवडला गेला, पण त्याच्या वडिलांना राहायचा हक्क नव्हता. तेव्हा त्याचे गुरू लिओपोल्ड आउअर यांनी चाळिशीच्या वडिलांनाही विद्यार्थी म्हणून दाखल करून घ्यायची युक्ती केली. आउअर यांनी स्वतः हा किस्सा लिहून ठेवला आहे. एका पिढीतले इतके मोठे व्हायोलिनवादक ज्यू का, याची जी अनेक कारणं सांगतात त्यात हेही एक धरायला हवं. व्हायोलिन हे काखेत मारून नेता येणारं घर होतं.

क्लारा याच आउअर यांची शिष्या. पाच वर्षांची असेल-नसेल तेव्हा तिला कॉन्झर्व्हेटरीत घेतलं. तिथल्या इतिहासात इतकं लहान कुणी नव्हतं असं सांगतात. मग क्रांती आली, यादवी आली, उपासमार आली. 1921 मध्ये रायझेनबर्ग कुटुंब रशिया सोडून अमेरिकेला गेलं. आउअरही तोवर न्यूयॉर्कला पोचले होते, त्यामुळे शिक्षण पुढे सुरू झालं. वीस वर्षांनी, 1941 च्या जूनमध्ये, जर्मन फौजा व्हिल्नात शिरल्या आणि गावाजवळच्या पोनारीच्या जंगलात तिथल्या बहुतेक ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. क्लाराच्या जन्मगावचं ते ‘जेरुसलेम’ उरलंच नाही.

अमेरिकेत ती बेटहोव्हनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या तयारीला लागली होती. एका मुलीने आयुष्यभर जिना चढावा आणि वरच्या पायरीवर यावं, अशी ती वेळ. तेव्हाच हाताने दगा दिला. लहानपणी पोटाला पुरेसं मिळालं नव्हतं, हाडं कच्ची राहिली होती, आणि बो धरणारा हात दुखायला लागला तो थांबेना. विशीच्या आत व्हायोलिन कायमचं बंद.

इथे मला थोडं थांबायचं आहे.

मी सात वर्षं व्हायोलिन शिकले. आपलं, हिंदुस्थानी. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून. गांधर्वच्या मध्यमा प्रथमपर्यंत परीक्षा दिल्या. दहावीच्या सुट्टीत काचेची बरणी हातात फुटली आणि डाव्या हाताच्या अनामिकेची शीर तुटली. टाके पडले, व्यायाम झाले, बोट आता दिसायला छान आहे. पण शेवटच्या पेरात वाकत नाही. ‘काही अडत नाही गं, लिहायचा हात तर उजवा आहे,’ असं घरी येणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं, आणि ते खरंच होतं, काहीच अडलं नाही. अकरावी, बारावी, सीईटी, कॅप राउंड, सगळं सुरळीत. आमच्या बाई फक्त एकदा भेटायला आल्या. व्हायोलिनबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, ‘कान विकू नकोस.’ मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. व्हायोलिन आजही माळ्यावर आहे.

तर क्लाराबद्दल वाचताना ‘दुखापतीमुळे तिने व्हायोलिन सोडलं’ हे एक वाक्य सगळीकडे येतं आणि पुढच्याच वाक्यात ती थेरेमिनकडे वळते. जणू काही लोकल चुकली म्हणून बसने गेली! त्या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही असेल ते कुणी लिहीत नाही. मीही लिहिणार नाही, कारण तिचं मला माहीत नाही आणि माझं मला सांगायचं नाही.

न्यूयॉर्कमध्ये तिची आणि थेरेमिनची गाठ पडली. तिला त्या वाद्याची भुरळ पडली आणि त्याला तिची. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्याने एक केक दिला होता. तुम्ही जवळ गेलात की तो केक गोल फिरायचा आणि त्यावरची मेणबत्ती पेटायची. 1929 साली! (आपल्याकडे अजूनही प्रॉक्झिमिटी सेन्सरचा प्रोजेक्ट म्हणजे दरवाज्याचा अलार्म.) त्याने तिला लग्नाची मागणीही घातली, एकदा नव्हे, अनेकदा. ती नाही म्हणाली. 1933 मध्ये तिने रॉबर्ट रॉकमोर या वकिलाशी लग्न केलं.

पण माझ्या दृष्टीने तिचं खरं ‘नाही’ वेगळंच आहे. तिने ते वाद्य जसं होतं तसं स्वीकारायला नकार दिला.

हे नीट कळण्यासाठी आमच्या मिनी प्रोजेक्टचं सांगते. टीईला मी आणि माझ्या पार्टनरने थेरेमिन करायचं ठरवलं. बुधवार पेठेतून जुन्या रेडिओच्या आयएफटी कॉइल आणल्या, 455 किलोहर्ट्झच्या. रॉडसाठी नळदुरुस्तीच्या दुकानातून तांब्याची नळी, लूपसाठी फ्रिजवाल्याकडून वाकवलेली ट्यूब. हिशेब सोपा वाटत होता. काळी पाचचा षड्ज साधारण 233 हर्ट्झ. म्हणजे एक ऑसिलेटर 455 किलोहर्ट्झवर आणि दुसरा त्याच्या 233 हर्ट्झ खाली आला की ‘सा’ लागला. टक्केवारी काढा: अर्ध्या टक्क्याचाही दहावा भाग. त्यासाठी कपॅसिटन्स बदलायचा तो टक्क्याचा दहावा भाग. कॉइलबरोबरचा कपॅसिटर 200 पिकोफॅराडचा धरला तर 0.2 पिकोफॅराड! ब्रेडबोर्डच्या दोन शेजारच्या ओळींमध्येही त्याहून जास्त असतो. हाताची बोटं एवढासा बदल घडवतात आणि कान तो ओळखतो, हे गणित कागदावर मांडल्यावर मला माझ्याच कानाबद्दल आदर वाटला.

मग अडचणींची रांग लागली. लॅबमधला पंखा फिरला की स्वर थरथरतो. ट्रान्झिस्टर तापला की ‘सा’ हळूहळू ‘रे’ होतो, म्हणून आधी वीस मिनिटं सर्किट चालू ठेवून बसायचं. सगळ्यात वाईट म्हणजे खर्जात जाताना, दोन्ही फ्रिक्वेन्सी फार जवळ आल्या की दोन्ही ऑसिलेटर एकमेकांना चिकटतात आणि आवाज गप्पच होतो. मग दोघांना वेगवेगळ्या पत्र्याच्या डब्यांत घालणं, मध्ये बफर, सप्लाय वेगळा. शेवटी सीआरओवर सुंदर साईन वेव्ह आली. हात पुढे-मागे केला की वेव्ह दाटते, विरळ होते. सगळे म्हणाले, झालं, रिपोर्ट लिहा.

पार्टनर रिपोर्ट लिहायला बसली. मी एक स्वर लावायला उभी राहिले.

आणि तेव्हा समजलं की सर्किट झालंय, वाद्य झालेलं नाही. आम्ही तोवर डाव्या हाताची लूप जोडली नव्हती, त्यामुळे आवाज थांबतच नव्हता. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं तर मधली सगळी वाट घसरत, रडत जायची. आपल्या संगीताला मींड प्रिय आहे, म्हणून मला वाटलं होतं हे वाद्य आपल्यासाठीच आहे. तसं नाही. इथे मींड फुकट मिळते, स्वर विकत घ्यावा लागतो. गवई मींड घेतो तेव्हा ती कुठूनतरी निघते आणि कुठेतरी पोचते. इथे निघणंही नाही आणि पोचणंही नाही, नुसता प्रवास. थांबता आल्याशिवाय घसरण्याला काही अर्थ नसतो.

1920 च्या दशकातल्या थेरेमिनवर तेव्हाचे वादकही असेच घसरायचे. आवाज लहान-मोठा करायची सोय होती, पण सुस्त. आरसीएच्या मॉडेलमध्ये डावा हात शेवटी एका व्हॉल्व्हचं फिलामेंट कमी-जास्त तापवायचा. आता फिलामेंट तापायला आणि निवायला वेळ लागतो हे कुणालाही कळेल. हात उचलल्यावर आवाज येणार थोड्या वेळाने. त्यावर तुटक, स्वच्छ स्वर वाजणं अशक्य. क्लारा आउअरची शिष्या. तिच्या कानात स्वर सुरू कसा होतो आणि संपतो कसा याची मोजमापं लहानपणापासून बसलेली. तिने थेरेमिनकडे मागण्या मांडल्या. आवाजाचा प्रतिसाद तात्काळ हवा, म्हणजे तुटक स्वर वाजवता येतील. तीन सप्तकं पुरणार नाहीत, पाच हवीत. खोकं बुटकं हवं, म्हणजे मी त्याच्या मागे लपणार नाही. आणि त्याने तिच्यासाठी तसं वाद्य बनवलं. क्लारा आयुष्यभर तेच वाजवत राहिली.

आपण याला ‘रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन’ म्हणतो आणि त्यासाठी एक अख्खं युनिट आहे. पण थेरेमिनच्या इतिहासात क्लाराचं नाव ‘प्रसिद्ध वादक’ म्हणून येतं, डिझाइनमध्ये येत नाही. मला हे पटत नाही. पेटंट त्याचं, ठीक. सर्किट त्याचं, ठीक. पण काय चालणार नाही हे कुणी सांगितलं? ज्याला चांगलं काय ते माहीत असतं त्यालाच ‘हे चालणार नाही’ म्हणता येतं. आणि तिला ते माहीत होतं, कारण तिच्याकडून आधीच एक वाद्य काढून घेतलं गेलं होतं.

वाद्याइतकीच तिने वाजवायची पद्धतही घडवली. बाकीचे अख्खा हात पुढे-मागे करत. क्लाराने व्हायोलिनच्या पोझिशनसारखा विचार केला: हात एका जागी ठेवायचा आणि बोटं क्रमाने उघडत न्यायची. मूठ मिटलेली असताना एक स्वर, बोटं थोडी उघडली की पुढचा, पूर्ण लांब केली की त्याच्याही पुढचा. मग हात पुढच्या जागी. म्हणजे हवेतच तिने पट्ट्या बसवल्या. दोन स्वरांच्या मधल्या क्षणी डावा हात अलगद आवाज दाबतो, त्यामुळे घसरणं ऐकू येत नाही. ‘हवेतलं फिंगरिंग’ म्हणतात त्याला. आजचे थेरेमिनवादक जे शिकतात त्याचा पाया हाच.

असाच हट्ट धरणारी आणखी एक ज्यू बाई याच काळात युरोपात होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. वांडा लँडोव्स्का, जन्म वॉर्सा, 1879. हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं वाद्य तेव्हा संग्रहालयात जमा झालं होतं. बाखची रचना बाखच्या वाद्यावरच वाजवायची असं तिने ठरवलं, आणि पॅरिसच्या प्लेयेल या पियानो कंपनीकडून आपल्याला हवं तसं मोठं हार्प्सिकॉर्ड बनवून घेतलं. 1912 मध्ये ते लोकांसमोर आलं. 1940 मध्ये नाझी पॅरिसजवळ आले तेव्हा तिला घर सोडून पळावं लागलं. मागे राहिलेली वाद्यं आणि हस्तलिखितं नाझींनी पेट्यांत भरून नेली. ती न्यूयॉर्क बंदरात उतरली तो दिवस 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बरचा. वय बासष्ट. तिथे तिने पुन्हा सुरुवात केली. असो, तिच्यावर वेगळा लेख होईल.

1934 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये क्लाराचा कार्यक्रम झाला. नंतर पॉल रोबसन या महान कृष्णवर्णीय गायकाबरोबर तिने देशभर दौरे केले. 1945 मध्ये अनिस फुलेहानने खास थेरेमिनसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो तिने लिओपोल्ड स्टोकोव्हस्कीच्या ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदा वाजवला. गंमत म्हणजे त्याच 1945 मध्ये हिचकॉकचा ‘स्पेलबाउंड’ आला, त्यात भीतीच्या प्रसंगांना थेरेमिन होतं. ते वाजवलं होतं सॅम्युएल हॉफमन नावाच्या पायांच्या डॉक्टरने. पुढे उडत्या तबकड्यांच्या सिनेमांत हे वाद्य असं काही बसलं की आजही थेरेमिन म्हटलं की लोक ‘ऊऽऽऽ’ करून भुताची नक्कल करतात. क्लारा त्या वाटेला गेली नाही. तिचं सगळं वादन व्हायोलिन, चेलो आणि गळ्यासाठी लिहिलेल्या रचनांचं. पैसे कुठल्या बाजूला होते हे सांगायला नकोच.

तिच्या वाद्याचा निर्माता 1938 मध्ये रशियाला परतला आणि पुढच्या वर्षी अटक होऊन छावणीत गेला. पुढे त्याला कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ठेवलं. 1945 मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला भेट मिळालेल्या लाकडी राजमुद्रेत जे ऐकण्याचं यंत्र लपवलेलं होतं ते त्याचंच. त्यात बॅटरी नव्हती, वायर नव्हती, ते सापडायला 1952 उजाडलं. त्यावर मात्र आपल्या टेक्निकल फेस्टमध्ये दरवर्षी कुणीतरी प्रेझेंटेशन देतं. 1991 मध्ये तो पंचाण्णव वर्षांचा होऊन न्यूयॉर्कला आला आणि क्लाराला तिच्या घरी भेटला. 1993 च्या ‘थेरेमिन: अ‍ॅन इलेक्ट्रॉनिक ओडिसी’ या माहितीपटात ती भेट आहे. तीही ऐंशीची. त्याच वर्षी तो गेला.

क्लाराची रेकॉर्ड यायला 1977 उजाडलं, तेव्हा ती साठी ओलांडून गेली होती. ती काढली कुणी? रॉबर्ट मूग आणि त्याची बायको शर्ली यांनी. मूग सिंथेसायझरवाला तोच हा मूग; शाळकरी वयात त्याने थेरेमिन बनवून सुरुवात केली होती. पियानोवर नादिया. 10 मे 1998 रोजी क्लारा गेली.

आमच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी सर्किट बघितलं, सीआरओ बघितला, मान डोलावली आणि विचारलं, ‘अ‍ॅप्लिकेशन काय?’ मी तोंड उघडायच्या आत पार्टनरने पायावर पाय दिला आणि म्हणाली, ‘सर, टचलेस स्विच, बर्गलर अलार्म, आणि मोबाईलचा टचस्क्रीन याच तत्त्वावर.’ सगळं खरं होतं. पंचवीसपैकी तेवीस. आम्ही कँटीनमध्ये मिसळ खाल्ली.

लूप आणि व्हॉल्यूमचं सर्किट मात्र मी त्यानंतर जोडलं, मार्क मिळून गेल्यावर. तीन आठवडे गेले. पहिल्यांदा डावा हात खाली आणल्यावर ते खोकं गप्प झालं, तेव्हा लॅब असिस्टंट काका म्हणाले, ‘बिघडलं का?’

उजव्या हाताने फिंगरिंग करते, त्यामुळे अनामिका आड येत नाही. डाव्या हाताला नुसतं वर-खाली व्हायचं असतं. ते तिला जमतं. म्हणजे व्हायोलिन परत मिळालं असं समजू नका, हे व्हायोलिन नाही, आणि माझं थेरेमिन क्लाराच्या थेरेमिनच्या जवळपासही नाही. सध्या सा, प, वरचा सा एवढं स्थिर लागतं. गंधार अजून हवेत आहे. परवा तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून षड्ज धरला, तो चार सेकंद राहिला. बाईंना फोनवर ऐकवला. त्या जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘किंचित चढा आहे.’ खरंच चढा होता.

किट डिपार्टमेंटने डेमोसाठी ठेवून घेतलंय. गुरुवारी पाचनंतर कम्युनिकेशन लॅब रिकामी असते, तेव्हा पंखे बंद करून मी वाजवते. ज्यांना ऐकायचंय त्यांनी या. फक्त दारापाशीच थांबा. आत चालत आलात की माझा सूर आणखी चढतो.